‘मला कायद्याची प्रचंड आवड आहे’ : एका अर्जाचं वाचन

उन्हाळी फेलोशिपच्या फॉर्ममध्ये जी छोटी टिपणी मागतात तिच्यात नेमकं काय लिहायचं, असं तुमच्यापैकी तिघा-चौघांनी विचारलं होतं. त्यावरच लिहायला बसले होते, तेवढ्यात मावसबहिणीचा फोन आला. ती इथेच सोलापुरात तीन वर्षांच्या एलएलबीला आहे, दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, “ताई, एकतीस मेल टाकले. एकाचंही उत्तर नाही. आणि पत्र तू तपासलं होतंस.”

तपासलं होतं, खरंय. व्याकरण सुधारलं, दोन वाक्यं जोडली, ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’मधला स्वल्पविराम जागेवर ठेवला. पीएचडीच्या चौथ्या वर्षात माणूस असंच तपासतो. चुका काढतो आणि मजकूर काय म्हणतोय ते वाचतच नाही. म्हणून या वेळी तेच पत्र मी आपण पेपर वाचतो तसं वाचलं. तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या ब्लॉगवर वकिलांच्या फर्मचं काय काम? वाचा तर खरं, आपल्यावरच येणार आहे.

पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर सुरुवात अशी: ‘मी विधी महाविद्यालयात द्वितीय वर्षात शिकणारी मेहनती, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक विद्यार्थिनी आहे. मला कायद्याची प्रचंड आवड आहे. आपल्या नामांकित फर्ममध्ये काम केल्याने माझ्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावतील.’ पुढच्या परिच्छेदात आवडीचे विषय: कॉर्पोरेट लॉ, आर्बिट्रेशन, बौद्धिक संपदा, सायबर लॉ. मग एक मूट कोर्ट आणि तीन वेबिनारची सर्टिफिकेटं. शेवटी ‘सकारात्मक प्रतिसादाच्या अपेक्षेत’.

आता यातलं नाव आणि कॉलेज खोडा. उरलेलं पत्र भारतातला कुठलाही लॉचा विद्यार्थी पाठवू शकतो, आणि पाठवतोच. मेहनती, प्रामाणिक, उत्सुक हे तिन्ही दावे आहेत आणि तिन्हींना पुरावा नाही. ‘मी आळशी आहे’ असं कोण लिहिणार? जे वाक्य उलटं करून कुणीच लिहिणार नाही, त्या वाक्यात माहिती शून्य असते. पेपरच्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये ‘या पदार्थाला खूप महत्त्व आहे’ असं लिहिलं की गाइड लाल पेनने रेघ मारतात, ते याचसाठी. आवडीचे चार विषय म्हणजे तर आपल्या कीवर्डची ओळ झाली. कॉर्पोरेटही आवडतं आणि सायबरही आवडतं, याचा अर्थ वाचणारा सरळ घेतो: अजून काहीच करून पाहिलेलं नाही.

वाचणारा कोण असतो तेही बघा. फर्ममधला एखादा असोसिएट, दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीचे कागद लावत असताना मध्येच मेल उघडणारा. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: सोमवारी सकाळी ही मुलगी आली तर तिच्या हातात मी काय देऊ? पत्रात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

खरी गंमत पुढे. मी तिला विचारलं, “तू मधे एका वकिलांकडे जात होतीस ना, त्याचं काय?” तर म्हणाली, “ते काय गं, इथल्या कोर्टातलं. वाटपाचे दावे. ते कशाला लिहू?”

मग अर्धा तास मी फक्त प्रश्न विचारले. दोन सुट्ट्यांत चार-चार आठवडे ती जिल्हा न्यायालयात एका वकिलांकडे गेली होती. शेतजमिनीच्या वाटपाचा एक जुना दावा होता. सातबारा, फेरफार, वारस नोंदी, एक हक्कसोडपत्र असा कागदांचा गठ्ठा, त्यातला काही भाग जुन्या हस्ताक्षरातला. तिने तो तारखेनुसार लावला. प्रत्येक कागदापुढे निशाणी क्रमांक, तारीख आणि त्यात काय म्हटलंय याची एक ओळ, अशी यादी केली. ती करताना तिला दिसलं की एका वारस नोंदीत तीन भावंडं आहेत आणि पुढच्या फेरफारात दोनच. बहिणीचं नाव गेलेलं. मधल्या काळातलं हक्कसोडपत्र आहे का? होतं एक, पण ते दुसऱ्याच गटाचं. हे तिने वकीलसाहेबांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की फेरफार ही महसुलाची नोंद असते, तिच्यावरून मालकी ठरत नाही. आणि मग २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क कसा आहे, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची गरज नाही असं का म्हटलं, हे वाचायला लावलं.

बाई गं, हे सगळं तुझ्याजवळ आहे आणि तू वेबिनारची सर्टिफिकेटं जोडतेस?

या चुकीचा दोष मी तिला देत नाही. इंटरनेटवर मिळणारे नमुने दिल्ली-मुंबईच्या नजरेने लिहिलेले असतात आणि त्यांत फेरफारला जागा नसते. पण जरा विचार करा. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे, आणि उच्च न्यायालयाची, राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, इंग्रजी. म्हणजे खालच्या कोर्टातला दावा अपिलात वर गेला की मराठी कागद इंग्रजीत समजावून सांगणारा माणूस लागतोच. मुंबईच्या फर्ममध्ये परराज्यातून आलेल्या हुशार इंटर्नला ‘पुरसीस’ म्हणजे काय, ‘से’ कुणी द्यायचा, रोजनाम्यात काय असतं, हे शिकवावं लागतं. हिला ते येतं. शिवाय सोलापूरची मुलगी, घराशेजारी पद्मशाली कुटुंबं असल्यामुळे तेलुगू समजते, आजोळ अक्कलकोटकडचं म्हणून कन्नड बोलते. पत्रात भाषांपुढे लिहिलं होतं: ‘इंग्रजी, हिंदी, मराठी’. का, तर “तेलुगू काय लिहायचं, लिहिता-वाचता येत नाही.” मग ‘समजते’ असं लिही. जेवढं आहे तेवढं लिही. एरर बार दाखवायला आपण लाजतो का?

बौद्धिक संपदेचंही तेच. सोलापुरी चादर, सोलापूर टेरी टॉवेल, सोलापूरचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, एवढी भौगोलिक मानांकनं एका जिल्ह्यात आहेत. मानांकनासाठी अर्ज करताना माल त्या भागाशी कसा जोडलेला आहे, कसा बनतो, त्याचा इतिहास काय, हे सगळं मांडावं लागतं, आणि चेन्नईच्या रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये ते छापून येतं. ते वाचून ‘चादरीच्या अर्जातला उत्पादनाचा भाग मी वाचला, मला हा प्रश्न पडला’ असं एक वाक्य लिहिलं, तर ‘मला बौद्धिक संपदेत रस आहे’ हे वेगळं सांगायची गरजच पडत नाही.

आता नियमाकडे येते, कारण सगळं खापर पत्रावर फोडणं बरोबर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाची कायदेशिक्षणाची २००८ ची नियमावली म्हणते की तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप हवी. कुठे करायची याची यादी दिली आहे: स्वयंसेवी संस्था, खालच्या आणि अपील कोर्टातले वकील, न्यायसंस्था, विधिमंडळ, फर्म, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था वगैरे. कुठल्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. आणि खटला चालवणाऱ्या तसंच अपील चालवणाऱ्या वकिलांकडे पूर्ण कोर्समध्ये एकदा तरी गेलंच पाहिजे.

मी हे दोनदा वाचलं. एक तर, यादीत फर्म बरीच मागे आहे, आणि सक्ती आहे ती वकिलांकडे जाण्याची. म्हणजे माझी बहीण ज्या कामाला ‘ते काय गं’ म्हणाली, तेच नियमाच्या मते टाळता न येणारं काम आहे. फर्म वर चढली ती पगारामुळे आणि नावामुळे. नियमाचा त्यात हात नाही.

दुसरं म्हणजे डायरी. याच नियमावलीत विद्यार्थ्याने इंटर्नशिपची डायरी ठेवावी आणि ती मार्गदर्शकाने व कॉलेजच्या शिक्षकाने तपासावी असं आहे. लॅब नोटबुकच की ही! आणि तिची अवस्थाही आपल्या लॅब नोटबुकसारखीच होते: सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनने, ‘आज कोर्टात हजर राहून कामकाज पाहिले’ असं चाळीस वेळा. नियम आठवडे मोजतो, आठवडे मोजायला सोपे. कामाचं काय झालं ते डायरीत दिसावं अशी अपेक्षा आहे, पण डायरी खरी आहे की रात्रीत उरकलेली, हे कोण बघणार? माझ्या मते या नियमातली सगळ्यात चांगली कल्पना डायरीची आहे आणि सगळ्यात वाया गेलेलीही तीच.

तिसरी गोष्ट मला वाचून आश्चर्य वाटली. जे ज्येष्ठ वकील विद्यार्थ्यांना सुट्टीत घ्यायला तयार आहेत, अशांची जिल्हावार यादी राज्याच्या बार कौन्सिलने द्यावी, असंही त्या नियमावलीत म्हटलंय. जिल्हावार! म्हणजे लिहिणाऱ्यांना कल्पना होती की सगळ्यांचे काका हायकोर्टात नसतात. वकिलांना जाहिरात करायला मनाई असल्यामुळे आपल्या गावातल्या वकिलाच्या वेबसाइटवर ‘इंटर्नशिपसाठी अर्ज करा’ असं बटण सापडणार नाही. मोठ्या फर्मचं पान मात्र सापडतं. मग ज्याला ओळख नाही तो सापडलेल्या पानावर एकतीस मेल टाकतो. माझी बहीण त्या यादीबद्दल कॉलेजात विचारायलाही गेली नव्हती, कारण असं काही विचारता येतं हेच तिला माहीत नव्हतं. तुमच्यात कुणी लॉचं असेल तर पहिलं काम ते करा.

अपील कोर्टाचा प्रश्न आमच्याकडे वर्षानुवर्षं पैशाचा होता. अपील म्हणजे मुंबई. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, आणि तिकडे महिनाभर राहायचं कुठे? नियमात विद्यावेतनाचा शब्द नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिलने नव्या वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार तरी द्यावेत अशी शिफारस केली. पण ती सनद मिळालेल्या ज्युनियरसाठी, इंटर्नसाठी नाही. एका वर्गमैत्रिणीने मुंबईत चार आठवडे काढले त्यात फक्त खाटेचे नऊ हजार गेले, आणि काम काय, तर झेरॉक्सच्या गठ्ठ्यांना पान नंबर टाकणं. (पान नंबर टाकणं वाईट काम नाही. चौथ्या आठवड्यातही तेच असेल तर वाईट.) १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला अपील चालवणाऱ्या वकिलाकडे शिकायला जाण्याचं अंतर एकदम कमी झालं. तरी एकतीस मेलपैकी कोल्हापूरला किती गेले होते? एकही नाही.

आता आपल्याकडे या.

एमएस्सीनंतर मी मधे एक वर्ष रिसर्च सोडायच्या विचारात होते. तेव्हा मला कळलं की १९७० च्या पेटंट कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेला, एकवीस वर्षं पूर्ण केलेला भारतीय नागरिक पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो; एलएलबी लागत नाही. अशी परीक्षा पास झालेला माणूस पेटंटचा मसुदा लिहू शकतो, पेटंट ऑफिसपुढे बाजू मांडू शकतो. बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या फर्मना केमिस्ट्री-फिजिक्सवाले हवेच असतात. आपल्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे, म्हणून सांगून ठेवते.

तर मी एका फर्मला ट्रेनीसाठी अर्ज केला. नाव सांगत नाही. अर्ज कसा होता? ‘मला नॅनोटेक्नॉलॉजीची प्रचंड आवड आहे.’ नशिबाने फोन आला. त्यांनी आधी एक छापील पेटंट पाठवलं होतं, आणि फोनवर विचारलं, “यात नवीन काय आहे ते सांगा.” मी अॅबस्ट्रॅक्ट सांगितला. “ते कळलं. क्लेम एकमध्ये नवीन काय?” मी पदार्थाचे उपयोग सांगायला लागले. सेन्सर, सोलर सेल, सगळं. पलीकडून शांतपणे “थँक यू” झालं. क्लेम म्हणजे ज्यावर हक्क सांगितला आहे तेवढंच, आणि तो आधीच्या माहितीपेक्षा कुठे वेगळा आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर हेच आपण लिटरेचर सर्व्हेत करायला हवं आणि करत नाही.

वाईट याचं वाटतं की त्या अर्जात लिहिण्यासारखं माझ्याकडे होतं. एमएस्सी प्रोजेक्टला मी झिंक ऑक्साइडच्या फिल्म बनवत होते, केमिकल बाथने. दोन महिने फिल्म काचेवरून सोलून निघत होती. काच साफ करायची पद्धत चार वेळा बदलली, बाथचं तापमान बदललं, प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहिलं, आणि शेवटी कळलं की गडबड साफसफाईत होती. हे मी अर्जात लिहिलं नाही. माझ्या दृष्टीने ते ‘ते काय गं’ होतं.

पूर्वज्ञानाचा शोध काय चीज असते याचं आपल्या ओळखीचं उदाहरण हळदीचं. हळदीने जखम बरी करण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. ‘आमच्या आजीला हे माहीत होतं’ एवढं सांगून भागलं नाही. छापील पुरावे, जुने ग्रंथ, भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा लेख, असं एकेक शोधून पुढे ठेवावं लागलं. तुमच्यापैकी कुणाला या क्षेत्रात अर्ज करायचा असेल तर आवडीबद्दल एक शब्द लिहू नका. स्वतःच्या प्रोजेक्टचा विषय घ्या, भारतीय पेटंट ऑफिसच्या फुकट शोधपानावर त्यावरचे अर्ज शोधा, एकाचा पहिला क्लेम नीट वाचा, आणि तो आधीच्या दोन पेपरपेक्षा कुठे वेगळा आहे ते एका पानात लिहून अर्जाला जोडा. आठवडाभर लागेल. पंचवीस अर्जांपेक्षा स्वस्त पडेल.

आणि हो, उन्हाळी फेलोशिपची टिपणी. उत्तर तेच आहे. तीन विज्ञान अकादमींच्या फेलोशिपला दर वर्षी ढिगाने अर्ज येतात, आणि निवडणाऱ्याच्या समोर ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ असलेली माणसं रांगेने उभी असतात. तुमची सोलून निघालेली फिल्म कुठे आहे ते लिहा. प्रॅक्टिकलमध्ये ग्राफ सरळ का आला नाही, याचं तुम्ही काय केलंत ते लिहा. सोलापूर, बार्शी, पंढरपूरच्या कॉलेजात मोठं उपकरण नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. नसलेल्या उपकरणावर तुम्ही रडलात की जे होतं त्यावर काही मोजलंत, एवढंच त्यांना बघायचं असतं. एक सावधगिरी मात्र बाळगा: बहिणीला मी पक्षकारांची नावं, गट नंबर काहीही लिहू दिलं नाही, तसंच तुम्ही लॅबमधल्या दुसऱ्याचा न छापलेला डेटा अर्जात टाकू नका. पुष्कळ जण टाकतात आणि मुलाखतीत अडकतात.

अशी पत्रं लिहिली की निवड होतेच, असं मी म्हणत नाही. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी फर्मची दारं आधीच किलकिली असतात, कॉलेजची कमिटी फर्मशी बोलते, आणि आमच्या बहिणीचं उत्तम पत्रही कदाचित न उघडता पडून राहील. हा अन्याय पत्राने दूर होत नाही. पण न उघडलेल्या पत्राचं दुःख निराळं, आणि उघडून वाचल्यावर आत कुणीच सापडत नाही हे निराळं. दुसऱ्यावर आपला इलाज चालतो.

तिने नवीन पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य वाटपाच्या दाव्यातल्या कागदांच्या यादीबद्दल आहे. या वेळी सहाच पाठवली, तीन कोल्हापूरला. एकाने नम्रपणे नाही म्हटलं. एकाने विचारलंय, ती यादी नावं झाकून पाठवता येईल का? वकीलसाहेबांची परवानगी घेऊन, नावांच्या जागी ‘वादी १’, ‘प्रतिवादी २’ असं टाकून तिने काल रात्री ती आधी माझ्याकडे पाठवली. निशाणी १४ पुढे तारीख नव्हती. म्हटलं, आधी ती भर, मग मेल टाक.